मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर आईच्या बोलण्यातला बारीक फरक कसा तपासून घ्यावा?

आई ६८ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पावसाळ्यात मेंदूच्या डाव्या बाजूला छोटा स्ट्रोक येऊन गेला. हातपाय देवाच्या दयेने ठीक आहेत. डॉक्टरांनी पेन, घड्याळ, किल्ली दाखवली, तिने पटापट नावं सांगितली, आणि ‘बोलणं नॉर्मल’ असा शेरा मिळाला.

पण घरी आम्हाला फरक जाणवतो. परवा म्हणाली, ‘ते दे गं, कणीक भिजवायचं... मोठं, पसरट...’ परात हा शब्द काही केल्या आला नाही. दोघं-तिघं एकदम बोलायला लागले की ती नुसती हसते. पेपर वाचते, पण काय वाचलं ते सलग सांगता येत नाही. पूर्वी फोनवर तासभर बोलायची, आता ‘बरं आहे, ठेवते’. सगळे म्हणतात वयामुळे, पण हे एकाएकी झालंय, वय असं एका रात्रीत वाढत नाही.

वाचलं त्यावरून, सौम्य अफेझिया (मेंदूला इजा झाल्यामुळे बोलण्या-समजण्यात येणारी अडचण) नुसती वस्तूंची नावं विचारली तर नजरेतून सुटू शकतो; एका मिनिटात जमतील तितके प्राणी सांगणं, चित्र पाहून गोष्ट सांगणं, ऐकलेला मजकूर परत सांगणं यात तो जास्त दिसतो. हे सगळं मराठीतून नीट करून घेणारे स्पीच थेरपिस्ट पुण्यात कोणाला माहीत आहेत का? मुंबईत वांद्र्याच्या ‘अली यावर जंग’ या वाचा-श्रवण संस्थेत कोणी मोठ्यांना दाखवलंय का? तिथे नंबर कसा लावायचा? जाताना घरातल्या गप्पांचं रेकॉर्डिंग न्यावं का?

आणि ऑनलाइन थेरपीचा खरंच उपयोग झाला असेल तर तेही कृपया सांगा.