लहान घर, पुणे: तुमच्याकडे काय जमून आलंय?

सजवलेल्या घरांच्या फोटोंत बादली दिसत नाही. इस्त्रीचे कपडे, गॅसचा दुसरा सिलिंडर, दप्तर, आजींचा वॉकर, काहीच दिसत नाही. आपण या सगळ्यासकट राहतो आणि तरी घर छान दिसावं, दुपारी निवांत पाठ टेकता यावी असं वाटतंच. म्हणून हा धागा. वन आरके, वन बीएचके, पेठेतल्या दोन खोल्या, काहीही चालेल. घरात माणसं किती, घर मालकीचं की भाड्याचं, मापं काय, वस्तू कुठून आणली, सगळं लिहा. फक्त जे लिहाल ते निदान एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात टिकलेलं असू दे.

सुरुवात मीच करते.

कर्वेनगर, वन बीएचके, चौघं

आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. बेडरूम आमची आणि मुलीची, सासूबाई हॉलमध्ये. माझं ठाम मत आहे की लहान घरात सगळ्यात आधी सोय करायची ती अशा माणसाची, ज्याला स्वतःची खोली नाही. टीव्ही, सोफा, भिंतीचा रंग, सगळं त्यानंतर.

आमचा हॉल १० बाय १४. पाहुण्यांना बसायला सोफा हवा म्हणून सासूबाईंचा दिवाण टीव्हीच्या भिंतीला लावायचा, ही सगळ्यांनी सुचवलेली मांडणी. आम्ही दिवाण खिडकीपाशी घेतला आणि सोफा आणलाच नाही. दिवाणाभोवती छताला इंग्रजी एल आकाराची पट्टी लावून जाड सुती पडदा सोडलाय. दुपारी दीड ते साडेतीन तो ओढलेला असतो. तेव्हा हॉलमध्ये कुणीही आलं तरी त्यांना उठून बसावं लागत नाही. उशाशी १० इंच खोलीची फळी: पोथी, रेडिओ, गोळ्यांचा डबा, पाण्याचा तांब्या. दिव्याचं बटण हाताशी. त्या म्हणतात, "आता मला माझी खोली आहे." पाहुण्यांसाठी वेताच्या दोन खुर्च्या आणि खाली सतरंजी.

नवीन फ्लॅट घेणाऱ्यांना एक सांगते. रेरा कार्पेटमध्ये, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे कागदावर लिहिलेल्या घराच्या आतल्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींखालची जागासुद्धा मोजलेली असते. तेव्हा कागदावरचा आकडा बघून फर्निचर ठरवू नका. टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, दरवाजा उघडून मोजा.

शनिवार पेठ, वाड्यातल्या दोन खोल्या, भाड्याच्या, तिघं

आमच्या भिंती माती-विटांच्या, जाड. त्यात ड्रिल मारलं की प्लग धरत नाही, नुसती माती गळते. त्यामुळे टांगायचं ते सगळं छताच्या तुळयांना: दिवा, झोपाळ्याच्या कड्या, कपड्यांची दांडी. भिंतीत फडताळं आणि कोनाडे आहेत. मी त्यांना आतून पांढरा रंग दिला आणि दारं काढून ठेवली. पुस्तकं, बरण्या, देव सगळं तिथेच बसतं. खोलीत कपाट पुढे येत नाही ही या जुन्या बांधकामाची मोठी देणगी आहे. आता नवीन घरात कितीही पैसे मोजले तरी एवढ्या जाडीची भिंत मिळायची नाही.

टेबल जुन्या बाजारातून आणलं, बुधवारी किंवा रविवारी जायचं. सागवानी आहे, पाय डगमगत होते ते सुताराकडून बसवून घेतले. खिडकीला बुरूड आळीतून बांबूची चिक करून आणली. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी मारलं की खोली निवते.

पावसाळ्यात एकच पथ्य: लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. मागे हवा खेळली की बुरशी धरत नाही.

वाकड, वन आरके, भाड्याचं, आम्ही दोघं

दोघंही आयटीत, आठवड्यातले बरेच दिवस घरून काम. घरमालकांची अट आहे की भिंतीला एकही भोक पाडायचं नाही. मग सगळं उभं आणि हलतं घेतलं: चाकांचा रॅक, घडीचं टेबल, खिडकीच्या चौकटीत स्प्रिंगवर अडकणारी पडद्याची दांडी.

डबल बेड घेतला नाही. साडेसहा बाय पाचचा बेड आमच्या खोलीत ठेवला असता तर चालायला फक्त कडेची पट्टी उरली असती. त्याऐवजी तीन फुटी दोन दिवाण. रात्री जोडतो, दिवसा दोन भिंतींना लावतो. मधली मोकळी फरशी हीच आमची बैठक, जेवणाची जागा आणि सकाळचा व्यायाम.

दोघांचे कॉल एकाच वेळी आले की एक जण ओट्यापाशी जातो. ओटा ३३ इंचांचा आहे. त्यावर एक पालथा डबा ठेवला की लॅपटॉप उभ्यानं काम करायच्या उंचीला येतो. नाश्त्याची भांडी आवरली की दुपारपर्यंत ती जागा रिकामीच असते.

खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त कशानं पडला म्हणाल तर दिव्यांनी. घरात ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूब होत्या. ओट्यावरची तेवढी ठेवली. बाकी दोन कोपऱ्यांत ३००० केल्विनचे पिवळसर एलईडी बल्ब जमिनीवरच्या दिव्यांत लावले. काम संपलं की ट्यूब बंद, दिवे चालू. तीच खोली, पण ऑफिस सुटल्यासारखं वाटतं. हे आम्हाला मनापासून गरजेचं होतं.

बिबवेवाडी, वन बीएचके, आम्ही दोघं, निवृत्त

वाकडच्या दोन दिवाणांच्या कल्पनेला माझा पाठिंबा. मात्र साठीनंतर रोज रात्री दिवाण ओढणं झेपत नाही. आमच्याकडे बेड एकाच जागी आणि चारही बाजूंनी चालायला वाट. कपाट कमी केलं, वाट कमी केली नाही. गुडघेदुखीवाल्यांनी वाट किमान अडीच फूट ठेवावी.

गोखलेनगर, दोन खोल्या, मालकीच्या, पाच जण

माझ्या आजी-आजोबांचं घर नारायण पेठेत नदीच्या बाजूला होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि होतं नव्हतं ते गेलं. मग पूरग्रस्तांच्या वसाहतीत इथे आले. आजीनं नवं घर लावलं ते एकाच नियमावर: जमिनीवर काही ठेवायचं नाही. कागदपत्रं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, धान्य उंच मांडणीवर, अंथरुणं पलंगावर. तिच्या मनात तो पूर कायम होता, त्यातून ही शिस्त आली.

आज आम्ही पाच जण इथेच नीट राहतो ते या शिस्तीमुळे. सायकलसुद्धा भिंतीवर हुकाला. सात फुटांच्या वर सगळ्या भिंतींना सलग फळी आहे, रोज न लागणारं सामान तिच्यावर. फरशी पूर्ण मोकळी राहते, एका हातात झाडून-पुसून होते आणि खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते. भावाच्या लग्नाआधी आर्किटेक्ट मैत्रीण घर बघून गेली. तिनं वरच्या फळीला खालून दिव्याची पट्टी लावायला सांगितली, बाकी काहीही बदलू नका म्हणाली. आजी असती तर तिला फार बरं वाटलं असतं.

धायरी, फर्निचरचं काम करतो

गिऱ्हाइकांना जे सांगतो तेच लिहितो.

कपड्यांच्या कपाटाला दोन फूट खोली लागतेच, हँगर आडवा बसायला हवा. सरकती दारं करायची तर २६ इंच धरा. म्हणजे सरकत्या दारानं जागा वाचते ती दार उघडण्याची, कपाट मात्र थोडं पुढेच येतं. खोली अगदी अरुंद असेल तर दारांऐवजी पडदा लावा, पैसेही वाचतील. पुस्तकांना १० इंच पुरतात. दोन फुटी कपाटात पुस्तकं दोन रांगांत जातात आणि मागची रांग कुणी वाचत नाही.

सिंकखाली आयएस ७१० चा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवूड वापरा, बाकी ठिकाणी आयएस ३०३ चा साधा चालतो. शिक्का स्वतः बघून घ्या. भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलात तर सुताराला बरोबर न्या. फर्निचरला चार ते सहा इंचांचे पाय ठेवा. खालून फरशी दिसली की खोली सुटसुटीत वाटते आणि पोछाही फिरतो.

एका गोष्टीला मी सरळ नाही म्हणतो. जागा वाढवायला बीम किंवा कॉलम तासायचा नाही, कोनाड्यासाठी दोन इंचसुद्धा नाही. आतली भिंत पाडायची तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, सोसायटीची परवानगी, मगच हातोडा.

हडपसर, वन बीएचके, चौघं

सणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे गणपतीही असतो आणि उभ्या गौरीही. घर लहान म्हणून सण लहान करायचा नाही हे आम्ही दोघांनी ठरवलंय.

हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटाचे मधले दोन कप्पे सुटे करून घेतलेत. एरवी तिथे पुस्तकं आणि टीव्ही. गणपतीत कप्पे काढले की अडीच फूट उंचीचा कोनाडा तयार होतो, त्यातच मखर. वेगळं टेबल लागत नाही, आरतीला समोरची सगळी जागा मोकळी. गौरींचे स्टँड घडीचे, ते आणि मुखवट्यांचे डबे बेडखाली. साड्या नेसवून झाल्या की गौरी खिडकीच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, मागे नेहमीचाच पडदा. हळदीकुंकवाला बायका एकदम बोलवत नाही, संध्याकाळी पाचपासून येतील तशा. प्रत्येकीशी निवांत बोलणं होतं.

बाल्कनी चार फुटी, पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो तेव्हा नाजूक झाडं करपतात. जाळीवर गोकर्णाची वेल चढवली, तिनं ऊन अडवलं आणि मग तिच्या सावलीत गवती चहा, ओवा, तुळस तगली. मातीच्या मोठ्या कुंड्यांऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेल्या ग्रो बॅग, वजन कमी. प्रत्येकीखाली ताटली ठेवा, खालच्या मजल्यावर पाणी गळता कामा नये.

वारजे, वन बीएचके, तिघं

सगळं वाचून काढलं, पडद्याची पट्टी आईसाठी नक्की करणार. पण एक विचारायचंय. गावाहून पाहुणे राहायला आले की गाद्या लागतात, एरवी त्या ठेवता कुठे? बेडचा पोट-कप्पा भरलाय आणि माळ्यावर ठेवल्या तर पावसाळ्यात वास धरतात.

गोखलेनगर

माळ्यावर नकोच. कापसाच्या पातळ गाद्या घ्या, तीन इंचांच्या आतल्या. घट्ट गुंडाळी करून खादीची खोळ घाला, दोन्ही टोकांना नाडी. दिवाणावर मागे लोड म्हणून ठेवा. आमच्याकडे अशा चार आहेत, रोज टेकायला वापरतो. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर दिवसभर टाकायच्या आणि खोळी धुऊन पुन्हा घालायच्या.