जिनिंगमधील वजनकाट्याच्या प्रोग्रामसाठी विंडोजची अंगभूत सुरक्षा कशी वापरावी?

काटापावती, जळगाव

नमस्कार. जामनेर आणि बोदवड भागातील काही जिनिंगमध्ये चालणारा वजनकाट्याचा प्रोग्राम सध्या माझ्याकडे देखभालीसाठी आहे. तो सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असून सिरियल पोर्टवरून काट्याचे वजन घेतो, कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याची पावती छापतो आणि सर्व नोंदी प्रोग्राम फाइल्समधील आपल्याच फोल्डरात एका डेटा फाइलमध्ये ठेवतो. मूळ सूचनांप्रमाणे तो नेहमी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करूनच सुरू करावा लागतो आणि त्याचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळलेले आहे. हंगामात त्या संगणकावर दिवसभर कोणाचे ना कोणाचे पेन ड्राइव्ह लागत असतात. मालक नवे सॉफ्टवेअर विकत घेण्यास तयार नाहीत. डीईपी, एएसएलआर, कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस अशी नावे वाचली. यांपैकी काय सुरू करावे आणि कशामुळे ऐन खरेदीत प्रोग्राम बंद पडू शकतो, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तापीकाठ, भुसावळ

भाऊ, आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टींच्या आधी ॲडमिनिस्ट्रेटरचा प्रश्न सोडवावा, कारण ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रामचा ताबा कोणी घेतला, तर इतर संरक्षणे बंद करण्याचे अधिकारही त्याच्याच हाती जातात. सिरियल पोर्ट उघडण्यासाठी सहसा हे अधिकार लागत नाहीत. आपल्या प्रोग्रामला ते लागतात, याचे कारण बहुधा एवढेच की तो प्रोग्राम फाइल्समध्ये डेटा लिहितो आणि तिथे साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. डेटा फाइल प्रोग्रामडेटा फोल्डरात हलवा, तेवढ्याच उपफोल्डरावर काट्यावरील वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी द्या आणि मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामला कोणते अधिकार हवेत हे विंडोजला सांगणाऱ्या माहितीत) 'ॲजइन्व्होकर', म्हणजे सुरू करणाऱ्याच्याच अधिकारांनी चालावे, असे नोंदवा. ईएक्सई (प्रोग्राम) आणि डीएलएल (त्याला लागणारे जोडभाग) फाइल्स मात्र प्रोग्राम फाइल्समध्येच राहू द्या. साध्या खात्यातून चालणाऱ्या व्हायरसला त्या बदलता येत नाहीत आणि हे संरक्षण विंडोजमध्ये आयते मिळते.

मॅनिफेस्ट विसरू नये. मॅनिफेस्ट नसलेला ३२-बिट प्रोग्राम साध्या खात्यातून प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू लागला, तर व्हिस्टापासून विंडोज ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात वळवते. मग दिवसपाळीच्या खात्यात दिसणाऱ्या पावत्या रात्रपाळीच्या खात्यात दिसत नाहीत आणि दोष विनाकारण काट्यावरच्या माणसावर येतो.

पांझरा६४, धुळे

वरील मताशी सहमत आहे. सोर्स कोड आपल्याकडे असल्यास पुढचे काम कंपायलरमध्ये आहे. डीईपी (मेमरीतील डेटाच्या जागेतून कोड चालू न देणारे संरक्षण) विंडोजमध्ये २००४ साली एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर आले आणि एएसएलआर (प्रोग्रामच्या भागांची मेमरीतील जागा बदलती ठेवणारे संरक्षण) व्हिस्टाबरोबर. पण जुना प्रोग्राम त्यांचा लाभ आपोआप घेतोच असे नाही. ६४-बिट बिल्ड केल्यास डीईपी कायम सुरू असते. एएसएलआरसाठी लिंकरमध्ये (बिल्डच्या शेवटी सर्व भाग जोडणाऱ्या साधनात) 'डायनॅमिकबेस' आणि 'हायएन्ट्रॉपीव्हीए' सुरू असल्याची खात्री करा. कंट्रोल फ्लो गार्ड (प्रोग्रामला भलत्याच ठिकाणच्या कोडकडे वळू न देणारे संरक्षण) मात्र आपणहून सुरू करावे लागते, तेही कंपायलर आणि लिंकर या दोन्ही ठिकाणी.

सोर्स कोड नसलेल्या भागासाठी विंडोजमध्येच 'एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन' आहे; त्यातून तयार प्रोग्रामवर अशी संरक्षणे बाहेरून लावता येतात. पूर्वी ईएमईटी नावाचे वेगळे साधन होते. त्यातील बरेचसे २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीत आले आणि २०१८ च्या जुलैअखेर ईएमईटीचा सपोर्ट थांबला. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' या भागात आपल्या ईएक्सईचे नाव देऊन एकेक संरक्षण लावता येते. तीच मांडणी एक्सएमएल फाइलमध्ये काढून दुसऱ्या जिनिंगच्या संगणकावरही घालता येते.

हे सारे असले तरी मेमरीतील चूक दुरुस्त होत नाही. घुसखोरी होण्याऐवजी प्रोग्राम बंद पडतो, इतकाच फरक. आपल्या बाबतीत सर्वांत आधी पाहावी ती काट्याकडून येणारी वजनाची ओळ. ती लांबी न तपासता ठरावीक आकाराच्या ॲरेमध्ये उतरवली जात असेल, तर ते आजच बदला.

काटापावती, जळगाव

दोघांचे आभार. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसविषयीही कोणी लिहावे. शिवाय पावती छापण्यासाठी एक जुनी डीएलएल आहे. तिचा सोर्स कोड नाही आणि ती ३२-बिट आहे.

सातपुडापायथा, नंदुरबार

कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस सहसा बंद असते, ते आपण सुरू करावे लागते. विश्वासू न ठरलेल्या प्रोग्रामना ते ठरावीक फोल्डरांत लिहू देत नाही, म्हणून रॅन्समवेअरविरुद्ध (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसविरुद्ध) उपयोगी आहे. नवे डेटा फोल्डर संरक्षित यादीत घाला आणि आपली ईएक्सई परवानगीच्या यादीत. सुरुवातीला ऑडिट मोडमध्ये ठेवा; तेव्हा काही अडवले जात नाही, पण जे अडवले गेले असते त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ११२४ क्रमांकाने येते. खरोखर अडवल्याची नोंद ११२३ असते. हे काम दिवाळीपूर्वी, आवक कमी असताना करावे. दोन मर्यादा आहेत. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस मुख्य म्हणून बसवलेला असेल, तर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर बाजूला होतो आणि ही सोयही चालत नाही. शिवाय आपल्याच ईएक्सईचा ताबा कोणी घेतला, तर ती परवानगीच्या यादीत असल्यामुळे डेटा तिच्यामार्फत बिघडवता येतो. म्हणून नोंदींची रोजची प्रत त्या संगणकापासून वेगळी ठेवावी लागेलच.

तपासणीतून वगळलेले फोल्डर मात्र त्या यादीतून काढून टाका. डिफेंडर आपल्या ईएक्सईवर संशय घेत असल्यास नेमके काय अडवले ते पाहून ती तपासणीसाठी मायक्रोसॉफ्टकडे पाठवता येते.

पांझरा६४, धुळे

त्या डीएलएलबद्दल: ६४-बिट प्रोग्राममध्ये ३२-बिट डीएलएल लोड होत नाही. छपाईचा भाग वेगळ्या छोट्या ३२-बिट ईएक्सईमध्ये काढा, मुख्य प्रोग्रामने त्याला फक्त पावतीचा मजकूर द्यावा आणि डेटा फाइलला त्याने हातच लावू नये. त्या छोट्या ईएक्सईवर एक्स्प्लॉइट प्रोटेक्शनमधून सक्तीचे एएसएलआर लावून पाहा. डीएलएलमधील रीलोकेशनची (मेमरीत दुसऱ्या जागी हलवण्यासाठी लागणारी) माहिती काढून टाकलेली असेल आणि तशा फाइल्स नाकारण्याचा पर्यायही निवडलेला असेल, तर ती लोडच होणार नाही. तसे झाल्यास तो एक पर्याय मागे घ्या, बाकीचे राहू द्या. आणखी एक, ते संगणक अजून विंडोज १० वर असतील, तर तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे मालकांच्या कानावर घालावे.