घर रिकामं करायला सांगितलं तेव्हा काय झालं? तुमचे अनुभव लिहा

भाडेकरूला काढायचं तर कायदा काय म्हणतो आणि लोक प्रत्यक्षात काय करतात, यात फार फरक दिसतो. भाडेकरूंनी लिहा, घरमालकांनीही लिहा. कुठला कागद कामी आला ते आवर्जून सांगा, नावं नकोत. सुरुवात मीच करते.

गिरगावात आमची पागडीची खोली (सुरुवातीला एकरकमी पैसे भरून, मग नाममात्र भाड्यावर राहायची), आजोबांच्या नावावर. आजोबा गेले आणि मालकाने भाडं घेणंच बंद केलं, म्हणे तुमचं नाव कुठंय पावतीवर. बाबा दर महिन्याला मनीऑर्डर करायचे, ती परत यायची, बाबा तो कागद फाईलला लावायचे, आई म्हणायची कशाला हा खटाटोप. पुढे थकबाकीचा दावा लागला तेव्हा लघुवाद न्यायालयात तीच फाईल उपयोगी पडली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ सगळ्यांनी वाचाच. भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. समन्स आल्यावरही ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासकट कोर्टात भरली तर त्या कारणावरून घर जात नाही. आणि मूळ भाडेकरू वारला तेव्हा सोबत राहणारं कुटुंब रस्त्यावर येत नाही, तेही कायद्यातच आहे.

---

पुण्यात मुदत शिल्लक असताना मालकाने कुलूप बदललं, सामान आत, चौकीत गेलो तर सिव्हिल मॅटर आहे म्हणाले. वकिलांनी स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या (हा भाडे कायद्याहून वेगळा, केंद्राचा कायदा) कलम ६ खाली नोटीस धाडली. बेकायदा बाहेर काढलं तर ६ महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा करता येतो आणि त्यात मालकी कोणाची हा मुद्दाच नसतो. नोटीस पोचली, चावी मिळाली.

---

वरच्या ९० दिवसांवर लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी (म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारावर राहणाऱ्यांनी) विसंबू नका प्लीज!! मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (भाडे कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो आणि मुदतीनंतर जितकं राहिलात त्या काळाचं भाडं दुप्पट लागू शकतं. समन्स आलं की ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. माझ्या मावसभावाने समन्स कपाटावर ठेवून दिलं, त्याचं म्हणणं कोणी ऐकलंच नाही.

---

मी घरमालक. आईला जिने चढवत नाहीत म्हणून तळमजला हवा होता. कोर्टाने आमची गरज खरी आहे का हे तर पाहिलंच, शिवाय कोणाची अडचण जास्त तेही तोललं, त्यात वर्षं गेली. पाणी तोडा म्हणजे आपोआप जातील असं नातेवाईक सांगत होते, मी ठाम नकार दिला. त्या घरात लहान मूल होतं, आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी तोडणाऱ्या मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकांना एक सांगतो, करार नोंदवायची जबाबदारी आपली असते. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध करायचं ओझं आपल्यावर.