मिस्त्री, गाडी कधी मिळणार? – जुन्या गाड्यांच्या गॅरेजमधले अनुभव

उद्यमनगरी

यंदा कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्याच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार आली, तेव्हा माझ्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी सगळे मोबाईल उंचावत असताना डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकला आणि "टॅपेट बरोबर आहेत" असा निर्वाळा दिला. त्यांच्या बोटांच्या पेरांत मुरलेले काळे ग्रीस पाहिले आणि शिवाजी उद्यमनगरातले आमचे मिस्त्री आठवले. वडिलांची फियाट त्यांच्याकडे असे. म्हणजे आमच्याकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त असे. गाडी कधी मिळणार, या प्रश्नाला त्यांचे उत्तर ठरलेले होते : "सोमवारी नक्की." त्यांचे गॅरेज सोमवारी बंद असे, हे वडिलांनाही ठाऊक होते, पण दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

आपल्यापैकी अनेकांनी अशा गॅरेजच्या बाकावर तासन् तास काढले असतील. ते अनुभव येथे लिहावेत.

रंकाळ्याची लेक

मे महिन्यात पन्हाळ्याच्या चढावर आमची पद्मिनी हमखास बंद पडे. उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि ती वाट अडवते, हे मिस्त्रींनी आईला समजावून सांगितले होते आणि उपायही सांगितला होता : पंपावर ओले फडके टाकायचे आणि पाच-दहा मिनिटे गप्प बसायचे. फडक्याचा भाग आईला जमला. गप्प बसण्याचा भाग वडिलांना जमला नाही. पुढे आई डब्याबरोबर एक जास्तीचे ओले फडके घेऊनच निघू लागली, आणि मिस्त्री तिला "वहिनी, तुम्ही उद्यापासून कामावर या" असे म्हणत.

जुना पाना

मी त्या बाकाच्या पलीकडच्या बाजूला होतो, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात. शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात शेजारच्या गॅरेजमधून "बीटलच्या रेडिएटरचे झाकण" आणायला पाठवण्याची रीत होती. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन हवेने थंड होते, त्यामुळे तिला रेडिएटरच नसतो. परंतु शेजारचे मिस्त्री गंभीर चेहऱ्याने "आमचं कालच लक्ष्मीपुरीत दिलं" असे सांगत आणि पोरगे तिथून लक्ष्मीपुरीला जाई. तिथले लोक त्याला चहा पाजून परत पाठवत.

खरी परीक्षा मात्र पान्यांची असे. फियाटला मिलिमीटरचे पाने लागत आणि अँबेसिडरला इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे तेराचा पाना त्या नटावर बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. असा गोल झालेला नट मिस्त्री काढून खिळ्याला टांगत आणि ज्याने तो केला त्याचे नाव खाली खडूने लिहीत. दिवाळीपर्यंत भिंतीवर चांगले तोरण होई.

पॅटर्नवाला

पार्ट मिळत नाही म्हणून गाडी भंगारात काढायची, ही पद्धत आपल्या गावात नव्हती, कारण गॅरेज, लेथ आणि फाउंड्री एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. एका डॉक्टरांच्या मॉरिस मायनरच्या वॉटर पंपाची बॉडी फुटली, तेव्हा मिस्त्रींनी तिचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या दुकानात आणून ठेवले आणि "असंच, पण न फुटणारं" एवढीच ऑर्डर दिली. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून तुकडे जोडून तेच साच्याच्या वाळूत दाबले तर पार्ट लहान येतो. लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना, तेवढा मोठा धरावा लागतो, आणि जिथे लेथवर तासायचे आहे तिथे आणखी माल ठेवावा लागतो. हे सगळे मी डॉक्टरांना समजावून सांगत असताना त्यांनी मध्येच विचारले, "म्हणजे सोमवारी मिळेल ना?" ही लागण गावभर होती, असे दिसते.

पार्ट बसवल्यावर मिस्त्री म्हणाले, "आता गाडी मोडंल, पण ह्यो पंप ऱ्हाईल."

उद्यमनगरी

@पॅटर्नवाला, डॉक्टर शाहूपुरीतले असतील तर ती मॉरिस मी पाहिलेली आहे. तिचा हॉर्न वाजला की गल्लीतली कुत्री आधी बाजूला होत.

पॅटर्नवाला

डॉक्टर कोणते, हे मी सांगणार नाही. कुत्र्यांची गोष्ट मात्र खरी आहे.

पुण्यातला कोल्हापूरकर

२०१९ च्या महापुरात घरच्या दोन्ही गाड्या पाण्यात होत्या. नव्या गाडीचा कंट्रोल युनिटसह सगळा इलेक्ट्रॉनिक कारभार गेला आणि ती उचलून नेण्यात आली. काकांच्या अँबेसिडरला मिस्त्रींनी आधी किल्ली लावायला सक्त मनाई केली, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग त्यांनी प्लग काढले, दुधाळ झालेले ऑइल सोडले, टाकी व कार्ब्युरेटर रिकामे केले, डिस्ट्रिब्युटर उन्हात वाळवला, त्यातले पॉइंट कागदाने घासून पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट पुन्हा लावली आणि गाडी खोकत का होईना, सुरू झाली. नव्या गाडीच्या विम्याचा पत्रव्यवहार तेव्हा नुकताच सुरू झाला होता. जुन्या गाडीत बिघडण्यासारखे पुष्कळ असते, हे मान्य. पण जे बिघडते ते डोळ्यांना दिसते.

रंकाळ्याची लेक

सीटमधला काथ्या महिनाभर वाळत होता आणि त्याचा वास अजून जात नाही, हेही लिहा की.

गंगावेशकर

खंडेनवमीचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? त्या दिवशी सगळे पाने रॉकेलने धुऊन, पुसून, मापाप्रमाणे पाटावर मांडले जात, व्हाइसला झेंडूची माळ आणि जॅकला हळदकुंकू लागे. हत्याराला हात लावायचा नाही, असा दंडक असल्यामुळे कोणाची गाडी दारात बंद पडली तरी मिस्त्री फक्त तोंडाने दुरुस्ती सांगत. एका गिऱ्हाइकाने तशा सूचना ऐकत स्वतःच्या हाताने स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याचे अडकलेले लिंकेज (जोडदांडे) सोडवले आणि पैसे किती म्हणून विचारले, तर मिस्त्रींनी "काम तुम्हीच केलंय, मालक, मला कशाला विचारता? पेढा घ्या" असे सांगितले.

शाहूपुरी तिसरी गल्ली

जाणकारांना एक प्रश्न आहे. पेट्रोलची टाकी गळू लागली की तिला कपड्याचा साबण चोळायचे, हे खरोखर उपयोगी पडते का?

जुना पाना

पडते. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून बारीक गळती घरी पोहोचेपर्यंत थांबते. मात्र तो तात्पुरता उपाय आहे. टाकी उतरवून सोल्डरिंगचा डाग लावावाच लागतो. रिकाम्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, त्यामुळे आमचे मिस्त्री ती अनेकदा धुऊन, जवळजवळ गळ्यापर्यंत पाणी भरून मगच डाग देणाऱ्याकडे सोपवत, आणि त्याआधी गॅरेजमधल्या सगळ्यांच्या, गिऱ्हाइकांच्यासुद्धा, विड्या-काडेपेट्या गोळा करून गल्ल्यात कुलूपबंद करत. परत देताना विड्या नेहमी कमी भरत.