फ्लॉरेन्स रोमहून एका दिवसात करावं की राहावं? सोबत सासूबाई आहेत

म्हापशेकरीण
नमस्कार मंडळी. चवथ (गणपती) आटोपली की ऑक्टोबरात इटलीला जायचं ठरतंय, मी, मिस्टर, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. टूरवाल्यांचा प्लॅन बघितला तर फ्लॉरेन्सला सकाळी बसमधून उतरवतात, मोठं चर्च बाहेरून, जुना पूल, चौकात फोटो, जेवण आणि संध्याकाळी परत, म्हणून म्हटलं आपलं आपणच करूया. रोमला राहणार हे नक्की, व्हेनिस पण करायचंय, आता फ्लॉरेन्सला डे ट्रिप मारावी की दोन रात्री काढाव्यात यावर घरात एकमत होत नाहीये. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने नकोत, पण जुन्या इमारती, देवळं, चर्चेस बघायची त्यांना प्रचंड हौस, जुन्या गोव्याचं फेस्त अजून एकदाही चुकवत नाहीत. मुलाला इंजिनिअरिंगचं वेड. आणि सासूबाई सोमवारी गुरुवारी शिवराक (शाकाहारी) असतात, तिथे काय मिळेल? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

डिचोलीकार
राहाच. रोमच्या टर्मिनी स्टेशनवरून फास्ट ट्रेन दीडेक तासात पोचवते म्हणून लोकांना वाटतं एका दिवसात होईल, पण तिथे एकेक जागा अर्धा दिवस खाते आणि सासूबाईंना धावपळ झेपणार नाही.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. उफिझी आणि अकादेमिया ही दोन मोठी म्युझियम्स सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार मध्ये येऊ देऊ नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम्स फुकट असतात पण त्या दिवशीची गर्दी वयस्कर माणसांना घेऊन नको. बाकी दिवसांची टिकिटं वेळ ठरवून ऑनलाइन काढून ठेवा, तिथे जाऊन रांगेत उभं राहण्यात काही अर्थ नाही.

तुमच्या मुलासाठी मात्र घुमट म्हणजे घुमटच. मोठ्या चर्चचं, म्हणजे डुओमोचं काम १२९६ ला सुरू झालं, पण वरचं भोक इतकं रुंद की ते झाकायचं कसं हे पुढे शंभर वर्षं कुणालाच सुचेना, खालून लाकडाचा आधार द्यायचा तर तेवढं लाकूड आणायचं कुठून. ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने १४२० ते १४३६ मध्ये तो खालच्या आधाराशिवाय उभा केला. एकात एक असे दोन घुमट आहेत आणि वर जायचा जिना त्या दोन्हींच्या मधून जातो, चढताना विटा हाताच्या अंतरावर दिसतात, मधे मधे उभ्या घातलेल्या, म्हणजे काम ओलं असताना आतल्या बाजूला घसरू नये म्हणून. पुस्तकात कितीही चित्रं बघा, तिथे उभं राहिल्यावरच डोक्यात शिरतं. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, त्यामुळे बापलेकांनी वर जावं आणि तुम्ही दोघी मागच्या डुओमो म्युझियममध्ये जा. तिथे लिफ्ट आहे आणि गिबेर्ती या शिल्पकाराचे सोनेरी दरवाजे अस्सल तिथेच आहेत, बाहेर बाप्तिस्मागृहाला लावलेत त्या कॉप्या. मायकेलअँजेलोने म्हातारपणी कोरायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला पिएता (मृत येशू आणि मेरीचं शिल्प) पण तिथेच, मला रोमच्या पिएतापेक्षा तो जास्त भिडला. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला, चर्चमध्ये त्याशिवाय आत घेत नाहीत.

जुनीवाट
सासूबाई फेस्ताला जातात म्हणताय तर त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट सांगतो, कुठल्याही टूरमध्ये ही नसते.

जुन्या गोव्यातल्या बॉं जेझूच्या बाझिलिकेत गोंयच्या सायबाची, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरची, चांदीची पेटी ज्या रंगीत दगडाच्या उंच चौथऱ्यावर आहे ना, तो चौथरा फ्लॉरेन्सचा. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची, त्याने तो भेट म्हणून दिला, फोग्गिनी नावाच्या शिल्पकाराने केला आणि १६९८ मध्ये इथे बसवला. एवढे दगड आणि ब्राँझचे पत्रे जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून मांडवीत आले. वरची पेटी मात्र आमच्या इथल्या सोनारांनी त्याच्या साठेक वर्षं आधीच घडवलेली. आपण सगळे मान वर करून पेटीकडे बघतो आणि खालच्या दगडाकडे कुणाचं लक्ष जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून माझं म्हणणं, निघायच्या आधी एक दिवस सासूबाईंना घेऊन जुन्या गोव्याला जा आणि तो चौथरा नीट बघून घ्या, दगडाचे रंग, सांधे, ब्राँझवरचे सायबाच्या आयुष्यातले प्रसंग.

मग फ्लॉरेन्सला सान लोरेन्झो चर्चमागे मेदिची घराण्याची चॅपल आहेत तिथे न्या. राजपुत्रांचं चॅपल म्हणतात ते आठ बाजूंचं आहे, खालपासून घुमटापर्यंत नुसता रंगीत दगड, जमीन, भिंती, राजचिन्हं सगळं. कोझिमो स्वतः तिथेच पुरलेला आहे. आतलं जे दुसरं दालन, ते मायकेलअँजेलोचं.

आणि अकादेमियात मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघून झाला की तिथून चालत पाच मिनिटांवर ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे आहे. १५८८ ला मेदिचींनीच दगडकामाचा कारखाना काढला, तीच संस्था, आज तिथे जुन्या कलाकृती दुरुस्त करतात आणि सोबत छोटंसं म्युझियम आहे. कारागिरांची जुनी बाकडी आणि हत्यारं मांडून ठेवलीत. दगड पातळ कापायचा, त्यावर कागदाचा आकार चिकटवायचा, मग लवचिक फांदीचं धनुष्य करून त्याला लोखंडी तार बांधायची आणि पाण्यात कालवलेली कुरुंदाची पूड लावून त्या तारेने दगड कापत बसायचं. पाकळीवर सावली पाहिजे तर रंग लावत नाहीत, तशी छटा असलेला दगड शोधून काढतात. डेव्हिडसमोर शेकडो लोक असतात, इथे निवांत बघता येतं. उफिझी एकवेळ अर्धी सोडा पण हे सोडू नका, असं मला मनापासून वाटतं. वेळा आधी बघून घ्या, लवकर बंद होतं.

पंचगंगेची_लेक
माहेर कोल्हापूर, सासर मडगाव, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. फ्लॉरेन्समध्ये आपल्या छत्रपतींची छत्री आहे हो! कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते, परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले, वय फक्त वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथे कुणी हिंदू दहन बघितलेलं नाही, तरी परवानगी मिळाली आणि आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. परक्या मुलुखात सुद्धा सोबतच्या माणसांनी संगम शोधला, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

१८७४ मध्ये तिथे स्मारक झालं, वर छत्री आणि खाली महाराजांचा फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा. आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा केला तोच. तिथले लोक त्या जागेला इंदियानो म्हणतात आणि जवळचा मोठा पूल सुद्धा त्याच नावाचा आहे. कास्किने पार्कच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्राम पार्कच्या शहराकडच्या टोकाला सोडते आणि पार्क साडेतीन किलोमीटर लांब, म्हणून सासूबाईंना चालवू नका, टॅक्सी करा. येताना झाडांखालून थोडं चाललात तरी छान वाटेल. आम्ही फुलं घेऊन गेलो होतो.

म्हापशेकरीण
सगळ्यांचे खूप आभार! मेसेज वाचून दाखवले तर सासूबाई म्हणाल्या छत्रीकडे पहिल्या दिवशीच जायचं. दोन रात्री फायनल. आता जेवणाचं आणि राहायचं सांगा, आणि जुन्या पुलावर सोन्याची दुकानं आहेत म्हणे, घेण्यासारखं असतं का?

डिचोलीकार
राहायला स्टेशन ते सान लोरेन्झो या पट्ट्यात बघा, जुनं शहर छोटं आणि बहुतेक सपाट आहे, सगळं चालत होतं, फक्त रस्ते दगडी म्हणून त्यांना जाड तळव्याचे बूट घ्या. बुक करताना लिफ्ट आहे का हे हॉटेलला आधी विचाराच. गाडी भाड्याने घेऊ नका, आतल्या भागात परवान्याशिवाय गाडी नेली की कॅमेरा टिपतो आणि दंड घरी येतो.

सोनं बघायला जरूर जा, घेताना विचार करा, कारण तिकडे बहुतेक माल १८ कॅरेटचा आणि आपल्या सोनाराकडे २२ चा. पूल १३४५ चा. त्यावर आधी खाटिकांची दुकानं होती, वास यायचा म्हणून १५९३ मध्ये ड्यूकने ती उठवून सोनारांना दिली. १९४४ मध्ये जर्मन सैन्याने जाताना शहरातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला. संध्याकाळी उन्हं उतरताना शेजारच्या सांता त्रिनिता पुलावरून बघा, पुलावर उभं राहिलं की पूल दिसत नाही.

शिवराकाला रिबोल्लिता मागा, पांढरा राजमा, कोबीची पानं आणि शिळा पाव घालून केलेलं दाट सूप, पण मांसाचं पाणी घातलंय का ते विचारून घ्या. टोमॅटो आणि पावाचं पाप्पा अल पोमोदोरो पण चांगलं. तिथल्या पावात मीठ नसतं, पोदेराच्या (आपल्या गोव्यातल्या पाववाल्याच्या) पावाची सवय असलेल्यांना पहिल्या घासाला कसंतरी वाटतं, जेवणासोबत मात्र बरा लागतो. बिस्तेक्का आणि लाम्प्रेदोत्तो ही दोन नावं दिसली तर ते गाईचं, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायलात तर स्वस्त, टेबलाला बसलात की रेट वाढतो, पण त्यांच्या गुडघ्यांसाठी ते पैसे द्या.