मदत हवी आहे : पीडीएफ माझ्याकडे ठीक, छापखान्यात अक्षरं फुटतात (तातडीचं)

मृण्मयी_के
आजोबांच्या सहस्त्रचंद्रदर्शनाची पुस्तिका छापायला दिली आहे. पीडीएफ माझ्याकडे अगदी व्यवस्थित दिसते. आज प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आलं त्यात सगळा गोंधळ. 'आणि'चं सगळीकडे 'आिण' झालंय, 'आजोबांच्या'मधला अर्धा च गायब. छापखानावाले म्हणतात फॉन्ट पाठवा, नाहीतर जेपीजी द्या. कार्यक्रम रविवारी आहे. काय करू? कृपया लवकर सांगा.

वेलांटी_उकार
कशात केलंय? फॉन्ट कोणता? पीडीएफ कशी काढली? छापखान्यात ती कशात उघडतायत?

मृण्मयी_के
अहो साधा मराठी फॉन्ट आहे, नेहमीचा.

वेलांटी_उकार
'नेहमीचा' नावाचा फॉन्ट मी अजून पाहिला नाही. नाव सांगा.

गणा_मास्तर
जेपीजी द्या आणि मोकळ्या व्हा. मी आमच्या सोसायटीचा अहवाल दरवर्षी जेपीजी करूनच देतो. एक वेलांटी हलत नाही.

डीटीपी_दादा
गणामास्तर, तो अहवाल वाचायला भिंग लागत असेल. 300 डीपीआयच्या जेपीजीत 11 पॉइंटच्या अक्षरांच्या कडा धुरकट होतात, प्लेटवर त्यांचे बारीक ठिपके पडतात. फोटोला चालतं, मजकुराला नाही. ताई, सरळ श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. आमच्याकडे वीस वर्षं तेच चालतं.

वेलांटी_उकार
दादा, रविवारी कार्यक्रम आहे आणि तुम्ही त्यांना पुस्तिका नव्याने टाइप करायला लावताय? युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असलेल्या आजच्या पद्धतीत, काही बिघडलेलं नाही. हा प्रकार पीडीएफ कोरलमध्ये (छापखान्यातलं चित्र-मांडणीचं सॉफ्टवेअर) उघडल्याचा वाटतो. ऱ्हस्व वेलांटी टाइप करताना अक्षरानंतर येते पण दिसते आधी. पीडीएफमध्ये अक्षरचित्रं दिसण्याच्या क्रमाने मांडलेली असतात. ती परत 'टेक्स्ट' म्हणून उचलली की वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटते. म्हणून 'आिण'. मागे अक्षरच नसेल तर टिंबांच्या वर्तुळावर बसते. प्रुफात तशी वर्तुळं आहेत का?

मृण्मयी_के
हो!! 'विहिरीवर'च्या आधी एक टिंबांचं वर्तुळ आहे. मला वाटलं नक्षी आहे.

वर्डमध्ये केलंय. फॉन्ट कोकिला. छापखान्यात विचारलं, कोरलच वापरतात.

चष्मेबद्दूर_सातारा
मूळ प्रश्नाशी संबंध नाही, पण शब्द 'सहस्र' आहे. 'सहस्त्र' नव्हे. स ला र जोडायचा, मध्ये त नाही.

गणा_मास्तर
आले शुद्धलेखनवाले.

रात्रपाळी
काळा मजकूर आरजीबीमध्ये (पडद्याच्या रंगपद्धतीत) आहे का ते बघा. वर्डमधला काळा छपाईच्या चार रंगांत फुटतो आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हललं की अक्षरांना गुलाबी-निळी किनार येते. माझ्या भाचीच्या पत्रिकेत झालं होतं.

मृण्मयी_के
आतली पानं एका रंगातच छापायची आहेत. किनारीचा प्रश्न नाही, वेलांटीचा आहे.

वेलांटी_उकार
ऑपरेटरना सांगा, कोरलमध्ये पीडीएफ इम्पोर्ट करताना चौकट येते, तिथे 'टेक्स्ट'ऐवजी 'कर्व्ह्ज' निवडा. अक्षरं मग नुसते आकार म्हणून येतात. फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. निम्मे छापखाने 'फॉन्ट पाठवा' म्हणतात ते सवयीने. फॉन्ट पाठवलात तरी 'आिण'च राहील, कारण अडचण फॉन्टची नाही, क्रमाची आहे.

डीटीपी_दादा
कर्व्ह केलं की नंतर एक काना सुद्धा दुरुस्त करता येत नाही, तेही सांगा की.

वेलांटी_उकार
दुरुस्ती वर्डमध्ये करायची, छापखान्यात नाही. प्रूफ कशासाठी असतं?

खिळेजुळारी
मी 1978 साली जुळारी, म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, म्हणून लागलो. खिळ्यांच्या काळात 'फॉन्ट मिसिंग' म्हणजे केसमधला ळ खरोखरच संपलेला असायचा. मग एक फर्मा छापून, खिळे धुऊन, सोडवून परत घरात टाकेपर्यंत पुढचं पान अडायचं. वेलांटीचा पुढे आलेला भाग मशीनवर तुटायचा आणि पन्नास प्रतींनंतर 'किती'चं 'कती' व्हायचं. मशीनमनला ते दिसायचं नाही, दुसऱ्या दिवशी लेखकाला दिसायचं. तुमच्या मुलाबाळांना सांगून पाहा, विश्वास बसणार नाही. पुस्तिकेला शुभेच्छा.

मृण्मयी_के
धन्यवाद काका. छापखान्याला कर्व्ह्ज करायला सांगितलं, 28 पानं नीट आली. पण माझ्या काकांच्या लेखाची चार पानं अजून तशीच इंग्रजीत आहेत.

वेलांटी_उकार
कुठली चार पानं? 'इंग्रजीत' म्हणजे?

मृण्मयी_के
9 ते 12. पहिल्यापासूनच तशी होती, मला वाटलं एकाच कारणाने असेल. डोक्यावर टिंबं असलेले इंग्रजी ए आणि ओ, मध्येच कंस, डॉलरचं चिन्ह. माझ्या लॅपटॉपवर छान मराठी दिसतंय.

वेलांटी_उकार
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. हा वेगळाच आजार आहे. काकांनी कशात टाइप केलं?

मृण्मयी_के
ते जुन्या ऑफिसातल्या फॉन्टवर टाइप करतात. लेखाबरोबर फॉन्ट पण दिला होता, मी टाकून घेतला.

डीटीपी_दादा
बघा! मी श्रीलिपी म्हणालो तेव्हा हसत होता. काका समजूतदार आहेत.

वेलांटी_उकार
दादा, तीच तर अडचण आहे. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी चिन्हांचाच असतो, फॉन्ट फक्त त्यावर मराठी चेहरा चढवतो. चेहरा पीडीएफबरोबर गेला नाही की खालची चिन्हं उघडी पडतात.

मृण्मयी, अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल डी दाबा, 'फॉन्ट्स'वर जा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड सबसेट' (म्हणजे फॉन्ट पीडीएफमध्येच भरलेला) आहे का? आणि तीच पीडीएफ मोबाइलवर उघडून पाहा. मोबाइलवर तो फॉन्ट नाही, तो खोटं बोलणार नाही.

मृण्मयी_के
कोकिलापुढे आहे. काकांच्या फॉन्टपुढे काहीच नाही. मोबाइलवर ए-ओ-डॉलर. आई गं.

वेलांटी_उकार
मिळालं. पीडीएफ कशी काढली, हे मी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं.

मृण्मयी_के
प्रिंट देऊन. लॅपटॉपवर एक जुना फुकट पीडीएफ प्रिंटर आहे.

वेलांटी_उकार
तो बाजूला ठेवा. वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करून पीडीएफ निवडा. ऑप्शन्समध्ये 'बिटमॅप टेक्स्ट व्हेन फॉन्ट्स मे नॉट बी एम्बेडेड' अशी खूण असते, ती ठेवा. फॉन्टनेच एम्बेड करायला मनाई केली असेल तर तेवढा मजकूर चित्र म्हणून जाईल, पण वाचता तरी येईल. मग परत कंट्रोल डी, परत मोबाइल.

रात्रपाळी
किंवा कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. दोन मिनिटांचं काम.

डीटीपी_दादा
दोन मिनिटं कन्व्हर्टरची आणि दोन तास वाचायचे. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, ष आणि प ची अदलाबदल होते. वर्षभरापूर्वी एका कवितासंग्रहात भोगलंय.

वेलांटी_उकार
इथे मात्र मी दादांच्या बाजूने. मजकूर पुढे परत लागणार असेल तरच करा. चार पानांसाठी आत्ता नको. आणि शक्य असेल तर शेवटची पीडीएफ स्वतःच आउटलाइन करून (कर्व्ह्जसारखे नुसते आकार करून) द्या. अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या प्रीफ्लाइटमध्ये सोय आहे. फुकटात हवं तर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमला 'नो आउटपुट फॉन्ट्स' सांगता येतं. मग छापखान्याने कशातही उघडू दे.

गणा_मास्तर
जेपीजीत हे काहीच करावं लागत नाही.

मृण्मयी_के
झालं!! सेव्ह अ‍ॅज केलं, आता दोन्ही फॉन्टपुढे एम्बेडेड आहे. मोबाइलवर काकांचा लेख पहिल्यांदाच मराठीत दिसला. छापखान्यातून नवीन प्रूफ आलं, 32 पानं स्वच्छ. सगळ्यांचे खूप आभार, वेलांटी_उकार यांचे विशेष.

चष्मेबद्दूर_सातारा
अभिनंदन. 'सहस्र' दुरुस्त केलंत ना? आतली पानं आता कर्व्ह झाली असतील.

मृण्मयी_के
आत तो शब्द एकदाच होता, नवीन पीडीएफ काढताना बदलला.

पण कव्हर मंगळवारीच छापून आलंय. 300 प्रती. सोनेरी अक्षरांत, एवढं मोठं 'सहस्त्रचंद्रदर्शन'.

आजोबा हायस्कुलात मराठी शिकवायचे.

खिळेजुळारी
त्यांना एक प्रत आणि तांबडी पेन्सिल द्या. खूश होतील.