आप्पांच्या स्टेंट ग्राफ्टची एक बाजू बंद झालीय, विरघळवायचं का बायपास?

चोपडेकर: आप्पांचं पोटातल्या मोठ्या धमनीच्या फुग्याचं ऑपरेशन झालेलं आहे, जांघेतून आत स्टेंट ग्राफ्ट (जाळी लावलेली कृत्रिम नळी) बसवतात ते. आता डॉपलरवाला (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी करणारा) म्हणतो उजवी नळी बंद. एक डॉक्टर म्हणतात गुठळी विरघळवू, दुसरे म्हणतात बायपास. इकडे केळी कापणीला आलीय, व्यापारी रोज फोन करतोय. कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

तापीकाठ: ऑपरेशन कधी झालं? दुखतंय कधीपासून? पाय गार आहे का, बोटं हलतात का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का? काहीच न सांगता कोण काय सांगणार भाऊ.

अमळनेरचा_जावई: मना सासराले बी असंच व्हयेल व्हतं. चांगल्या पायाच्या जांघेतून दुसऱ्या जांघेत कातडीखालून नळी टाकली, चार वर्षं झाली, शेतात जातात. सरळ बायपास करा.

भुसावळ_लोको: सगळ्यांना एकच माप कसं लावता? गुठळी ताजी असली तर औषधाने विरघळते. माझ्या मोठ्या भावाला आयसीयूत दीड दिवस औषध सोडलं, मग नळी कुठे दबलीय ते दिसलं आणि तिथेच आतून स्टेंट टाकला. चिरफाड नाही.

अमळनेरचा_जावई: आणि त्या औषधाने मेंदूत रक्तस्राव झाला म्हणजे?

शेंदुर्णी७२: धमनीचा फुगा साडेपाच सेंमीच्या वर गेला की सहसा ऑपरेशन करतात. माझा ४.२ आहे, दर वर्षी सोनोग्राफी करतो. तंबाखू सोडली.

वैद्यकाका: लसूण आणि अर्जुनाची साल द्या.

भुसावळ_लोको: काका, प्रत्येक धाग्यावर लसूण!

कॅथलॅब_टेक्निशियन: हा ग्राफ्ट चड्डीसारखा असतो, वर एक, खाली दोन पाय. धमनी वाकडी असली की एक पाय मुडपतो. ठिबकची नळी मुडपली की पुढची झाडं सुकतात, तसंच. टोकाला छोटा बलून असलेल्या बारीक नळीने (कॅथेटर) गुठळी ओढून काढतात, पण मुडप तशीच ठेवली तर परत बंद पडते. पहिल्या वर्षातच जास्त होतं हे. चोपडेकर, तापीकाठ यांनी विचारलेलं सांगा आधी.

चोपडेकर: सॉरी. ऑपरेशनला पाच महिने झाले. तीन आठवडे बांधावर दोनशे पावलं चालले की पोटरी वळायची, बसलं की बरं. चार दिवसांपासून रात्री खाटेवरून पाय खाली सोडूनच बसतात, वर घेतला की ओरडतात. काल हात लावला तर डावा पाय कोमट, उजवा माठासारखा गार. दात काढायला गोळी बंद केली होती, ती परत सुरू करायची राहून गेली. आई विटेने शेकतेय.

कॅथलॅब_टेक्निशियन: अरे हे आधी सांगायचं ना! शेकणं आत्ता बंद करा, बधीर पाय भाजला तरी कळत नाही. बसल्या जागीसुद्धा रक्त पुरत नाहीये. केळी राहू द्या, आजच निघा. बोटं बधीर झाली किंवा हलेनाशी झाली तर हातात तासच उरतात, साधारण सहा. गोळी मनाने देऊ नका, डॉक्टरांना फोनवर विचारा. जुन्या सीटी अँजिओची (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) सीडी आणि किडनीच्या क्रिएटिनिन तपासणीचा रिपोर्ट घ्या, विरघळवायचं का बायपास ते बघून तिथले डॉक्टरच ठरवतील.

तापीकाठ: रेशनकार्डही घ्या, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचा मदतनीस) योजनेचं विचारा.

चोपडेकर: वीट काढली. सीडी गोदरेजच्या कपाटात नाही, बहिणीला फोन लावलाय. अँब्युलन्स अर्ध्या तासात येतेय, नाशिकलाच नेतो.

अमळनेरचा_जावई: धुळ्यावरून जा, थांबू नका कुठे. आणि बायपासचं विचाराच!